चांदीचा भाव आणि नाण्याचा भाव : प्रस्तावना

येवल्याहून पूर्वेला निघाले की थोड्याच अंतरावर वैजापूर तालुक्याची शीव लागते. १९४८ पर्यंत ती निजामाच्या हैदराबाद संस्थानाची शीव होती. पलीकडे हाली सिक्का चाले, अलीकडे इंग्रजी कलदार; सात हालींना सहा कलदार असा सर्वसाधारण दर असे. वायव्येला चांदवड. तिथल्या टांकसाळीत पडलेला चांदवडी रुपया कंपनी सरकारचा एकसारखा रुपया येण्याआधी या सगळ्या मुलखात फिरत होता. अशा जागी वसलेल्या पेठेत रुपया पुढे आला की तो कोणता, त्यात चांदी किती, झीज किती आणि त्यावर बट्टा किती, हे ठरल्याशिवाय सौदा पुढे सरकणे कठीणच होते.

चांदीची नाणी जमवणाऱ्यापुढे आज हाच प्रश्न उलट्या बाजूने उभा आहे. तेव्हा नाण्याच्या दर्शनी किमतीतून किती कापायचे हे ठरवावे लागे. आता धातूच्या किमतीवर किती जास्त मोजायचे हे ठरवावे लागते. हा वरचा पैसा म्हणजेच प्रीमियम. तो का द्यायचा, किती द्यायचा, आणि उद्या नाणे विकायची वेळ आली तर त्यातला किती परत हाती येईल, एवढ्याच गोष्टींसाठी ही पुस्तिका आहे. नाण्यांच्या इतिहासावर मराठीत आणि इंग्रजीत चांगले लेखन झाले आहे. पण येवला, नांदगाव, वैजापूर, कोपरगाव अशा तालुक्याच्या गावी बसून, शिकवणीच्या किंवा मागाच्या मिळकतीतून, नाहीतर लासलगावला कांद्याची पट्टी झाल्यावर चार पैसे बाजूला काढून नाणी घेणाऱ्या माणसाला हिशेब कोणी समजावून सांगत नाही. तो चांदी समजून नाणे घेतो, किंवा नाणे समजून चांदी घेतो, आणि दोन्हीकडे फसतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. चांदीच्या नाण्यात दोन किमती असतात आणि त्यांचे खाते वेगवेगळे ठेवावे लागते. पहिली धातूची. ती रोजच्या बाजारात ठरते आणि देशात कोणत्याही पेढीवर कमीअधिक फरकाने मिळते. दुसरी नाण्याची. ती फक्त ते नाणे ओळखणाऱ्या माणसाकडे मिळते. पहिली किंमत शोधायला वजनकाटा पुरतो. दुसरी शोधायला माणूस शोधावा लागतो. नाणे घेतानाच तो माणूस कोण असेल हे सांगता येत नसेल, तर वरचा पैसा देऊ नये.

आधी धातूचा हिशेब, कारण तो पक्का आहे. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला : वजन १८० ग्रेन, म्हणजे आपला एक तोळा, आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम, कस बारा भागांत अकरा भाग निखळ चांदी. विल्यम राजाचा १८३५ चा रुपया, मग राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, आणि सहाव्या जॉर्जचे सुरुवातीचे रुपये, सगळे याच वजनाचे आणि याच कसाचे. घराघरांत ज्याला राणीछाप किंवा राजाछाप म्हणतात ते हेच. त्यात निखळ चांदी १०.६९ ग्रॅम भरते. चांदी १०० रुपये ग्रॅम धरली (दर रोज हलतो, हा फक्त हिशेबासाठी), तर अशा एका रुपयाची धातूची किंमत १,०६९ रुपये होते.

१९४० पासून मात्र गोष्ट बदलली. दुसऱ्या महायुद्धात चांदीची चणचण झाली आणि सरकारने रुपयाचा कस निम्म्यावर आणला : ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबे, ५ टक्के निकेल, ५ टक्के जस्त. वजन तेच, आकार तोच, राजाही तोच. चांदी मात्र ५.८३ ग्रॅम. १९४७ मध्ये रुपयातली चांदी पूर्णच गेली आणि निकेल आले. १९४७ च्या वाघाच्या रुपयाला चांदीचे समजून जपून ठेवणारी माणसे मला आजही भेटतात. राजाछाप रुपयांची पुरचुंडी सरसकट एका भावाने घेणारा किंवा विकणारा माणूस इथेच निम्मे पैसे घालवतो. म्हणून पहिले काम साल वाचण्याचे. १९३९ पर्यंत एक ढीग, १९४० ते १९४५ दुसरा, त्यापुढचा तिसरा.

आमच्या भागात आणखी एक ढीग निघतो, तो हालीचा. चारमिनार असलेला निजामाचा रुपया वजनाला ११.१८ ग्रॅमच्या आसपास आणि कसाला ८१.८ टक्के, म्हणजे निखळ चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. सात हालींना सहा कलदार हा दर या चांदीच्या प्रमाणाशी बऱ्यापैकी जुळतो, हे करून पाहण्यासारखे गणित आहे.

ज्या काळात हे रुपये रोजच्या व्यवहारात होते, त्या काळातही छाप आणि धातू यांची फारकत झाली होती. १८९३ पर्यंत कोणालाही चांदी टांकसाळीत नेऊन, थोडे शुल्क भरून, रुपये पाडून घेता येत. त्यामुळे रुपया आणि त्यातली चांदी यांची किंमत फार लांब जात नसे. त्या साली सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या आणि रुपयाची किंमत चांदीपेक्षा वर ठेवली. म्हणजे सरकारी छापाला सरकारनेच प्रीमियम दिला. पहिल्या महायुद्धात पारडे उलटे फिरले. चांदी इतकी चढली की रुपया खर्चण्यापेक्षा आटवणे फायद्याचे ठरू लागले. लोक रुपये दडवू लागले, सरकारने वितळवण्यावर बंदी घातली, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट काढली, आणि १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातली चांदी हिंदुस्थानसाठी मोकळी केली.

या सगळ्या घडामोडींवरचा सर्वांत कसदार अभ्यास एका भारतीयाने केला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने निघाला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी.एस्सी.साठी लिहिलेला. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच माणसाने येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि येवल्याची मुक्तिभूमी झाली. रुपयाची किंमत चांदीपासून कशी सुटी केली गेली आणि त्याची झळ सामान्यांच्या व्यवहारापर्यंत कशी पोचते, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने तो ग्रंथ वाचावा. नाणी जमवणाऱ्यांच्या यादीत तो सहसा नसतो, असायला हवा.

आता दुसरी किंमत, नाण्याची. इथे नवा संग्राहक हमखास एक गल्लत करतो : जुने म्हणजे दुर्मीळ. तसे नाही. व्हिक्टोरियाचा १९०१ चा रुपया सव्वाशे वर्षांचा आहे, पण तो भरपूर पडला आणि भरपूर उरला. पाचव्या जॉर्जचे युद्धकाळातले, १९१६ ते १९२० चे रुपये तर कोट्यवधींनी पडले. लग्नात, रुखवतात, पूजेच्या ताम्हनात, जमिनीखालच्या गाडग्यात, सगळीकडे तेच. त्यावर धातूच्या वर थोडेफार द्यावे, फार नाही. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया वयाने लहान आणि मोलाने कितीतरी मोठा, कारण पूर्ण कसाचे त्या सालाचे रुपये फारच थोडे सापडतात. याच कारणाने तो खोटाही भरपूर मिळतो. दुसऱ्या सालाचा आकडा कोरून ३९ केलेले रुपये बाजारात येतात. पाचव्या जॉर्जच्या मालिकेत १९२२ चा रुपया विरळा, आणि त्यानंतर १९३८ सालापर्यंत चलनासाठी रुपया पाडलाच गेला नाही, ही गोष्ट लक्षात ठेवली तर मधल्या सालाचा ‘दुर्मीळ’ रुपया कोणी दाखवल्यावर हात आपोआप मागे येतो.

१९११ च्या रुपयाची हकिकत बहुतेकांनी ऐकलेली असते. राजाच्या झग्यावरच्या साखळीत हत्ती कोरला होता. तो लहान सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. बाहेर आलेली नाणी परत घेतली गेली, न दिलेली थांबवली गेली आणि पुढच्या वर्षापासून हत्ती नीट हत्तीसारखा कोरला गेला. या रुपयाला वरचा पैसा मिळतो, पण तो त्या गोष्टीमुळेही मिळतो, केवळ संख्येमुळे नव्हे. ज्या नाण्याला सांगण्यासारखी गोष्ट असते त्याला गिऱ्हाईक लवकर भेटते.

व्हिक्टोरियाच्या १८६२ च्या रुपयात वेगळीच मौज आहे. १८६२ ते १८७४ पर्यंत रुपयावर साल १८६२ च राहिले. मुंबईच्या टांकसाळीने ठिपक्यांच्या खुणांनी वर्षे दाखवली. भिंग घेऊन ठिपके मोजणाऱ्याला सराफाच्या ढिगातून, चांदीच्या भावात, एखादी विरळा जात उचलता येते. प्रीमियम न देता प्रीमियम मिळवण्याची ही एकच सचोटीची वाट मला माहीत आहे : विकणाऱ्याने न पाहिलेले आपण पाहणे. त्यासाठी पैसा कमी आणि अभ्यास जास्त लागतो.

चांदवडी रुपयाचा न्याय निराळा. यंत्राने पाडलेल्या कलदारावर सगळी अक्षरे बसतात. हातोड्याने ठोकलेल्या रुपयाची चकती ठशापेक्षा लहान असे, त्यामुळे प्रत्येक नाण्यावर मजकुराचा वेगळाच तुकडा उमटे. चांदवडच्या रुपयावर दिल्लीच्या शाह आलम बादशहाचे नाव आणि ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ हे टांकसाळीचे नाव फारसीत असते. ते नाव जितके पूर्ण उतरले असेल तितकी किंमत चढते; नाव तुटलेले असेल तर तोच रुपया चांदीच्या आसपास येतो. नाशिकच्या टांकसाळीची नाणी गुलशनाबाद नावाने येतात, पुण्याची मुहियाबाद नावाने. मराठेशाहीतल्या टांकसाळींवर के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचे इंग्रजी पुस्तक १९८९ साली निघाले. ते जवळ असल्याशिवाय या नाण्यांवर मोठी रक्कम लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नाण्याचा दर्जा हा प्रीमियमचा निम्मा भाग, आणि आपल्याकडे तो आपल्याच हाताने घालवला जातो. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आधी घरातले रुपये चिंचेने, राखेने, रांगोळीने नाहीतर दंतमंजनाने घासून लख्ख केले जातात. त्यामागची श्रद्धा मी मनापासून मानतो. पण प्रत्येक घासणीत राणीच्या केसांची एक बट, मुकुटाची एक रेघ कमी होते, आणि चाळीस दिवाळ्यांनी रुपया चकचकीत गोल पत्रा होऊन बसतो. संग्राहकाला काळवंडलेले नाणे चालते, नव्हे आवडते. घासलेले चालत नाही. पूजेला ठेवायचे दोनचार झिजलेले रुपये वेगळे काढावेत आणि ठसठशीत नाण्यांना पाणीसुद्धा लावू नये.

दुसरा घात कडीचा. रुपयांच्या माळा आपल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या घातल्या. त्यासाठी नाण्याला डाग देऊन कडी बसवली जाई किंवा भोक पाडले जाई. अशाच एका माळेत मी १८३५ चा विल्यम राजाचा अत्यंत देखणा रुपया पाहिला आहे, आणि त्याच्या वरच्या कडेला डागाचा गोळा होता. कडी काढली तरी खूण राहते. अशा नाण्याला धातूचा भाव द्यावा. माळ अख्खी असेल आणि घडण जुनी असेल तर मात्र ती माळ म्हणूनच ठेवावी. सुटी करू नये, त्यात नाण्याचेही नुकसान आणि माळेचेही. तिसरी खूण सराफांची. जुन्या काळी सराफ कस तपासून नाण्यावर लहानसा ठसा मारत. त्या ठशाने व्यवहारात विश्वास वाढत असे. आजचा संग्राहक त्याच ठशाचे पैसे कापतो. इतिहासाच्या दृष्टीने मला हे पटत नाही, पण बाजार असा आहे आणि घेताना तो धरून चालावे लागते.

आता पेढीकडे येऊ. येवल्यासारख्या गावी विकायची वेळ आली तर पहिले दार सराफाचेच. सराफ नाण्याकडे मोड म्हणून पाहतो : टंच काढतो, घट धरतो आणि चांदीचा भाव देतो. यात त्याची लबाडी नाही. त्याचा धंदा धातूचा आहे, १९२२ चा रुपया घेऊन तो कोणाला विकणार? तक्रार करायचीच तर ती आपल्या तयारीची करावी. समजा, १,०६९ रुपयांची चांदी असलेला साधा १९१८ चा रुपया कोणी १,५०० ला घेतला. वर्षभराने अडचण आली आणि सराफाने घट धरून हजार दिले. म्हणजे पाचशे गेले; ते भरून निघायला चांदी दीडपट व्हावी लागेल. चांदी दीडपट होऊही शकते, पण मग सरळ चांदी घेतली असती तर तो सगळा वाढावा खिशात पडला असता.

पेढीवर मिळणारी लक्ष्मी-गणपतीची दहा किंवा वीस ग्रॅमची नवी ‘नाणी’ ही खरे तर नाणी नव्हेत, छाप मारलेल्या चकत्या आहेत. त्यावर घडणावळ असते, ३ टक्के जीएसटी असतो, आणि मोडताना दोन्हीही परत येत नाहीत. धनत्रयोदशीला एखादी घ्यावी, आनंदाने घ्यावी. संग्रह म्हणून डझनावारी घेऊ नये. घेताना कस छापलेला आहे का आणि हॉलमार्क आहे का ते पाहावे. चांदीला हॉलमार्क अजून ऐच्छिक आहे, त्यामुळे मागितल्याशिवाय मिळेलच असे नाही. आणि जिथे घेतली त्या पेढीची परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर राहू नये.

सरकारी स्मारक नाण्यांबद्दल पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे, इथे थोडेच. १९६९ चे गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे आणि ८० टक्के चांदीचे, म्हणजे १२ ग्रॅम निखळ. ते खूप निघाले, खूप घरांत आहे, आणि धातूच्या जवळपास मिळाले तर नव्या संग्राहकाने डोळे मिटून घ्यावे. पुढच्या काळात नेहमीचा साचा ठरला तो ३५ ग्रॅम वजनाचा आणि ५० टक्के चांदीचा. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीनिमित्त डिसेंबर २०१५ मध्ये निघालेले १२५ रुपयांचे नाणे याच परंपरेतले. अशा नाण्यात चांदी साडेसतरा ग्रॅम. टांकसाळ ते धातू, घडण, पेटी आणि कर धरून विकते, त्यामुळे पहिल्या दिवसापासून ते चांदीच्या बरेच वर असते. शिवाय २०११ च्या नाणे कायद्याने चलनातले नाणे वितळवणे गुन्हा आहे, म्हणून धातूची किंमत हा त्याचा खरा आधारही धरता येत नाही. काही नाण्यांना नंतर चांगली किंमत आली, काही वर्षानुवर्षे निघाल्या भावाखाली पडून आहेत. मुक्तिभूमीच्या गावातल्या माणसाने १२५ रुपयांचे नाणे घरात ठेवावे, त्याला कारण विचारू नये. पण त्याच हाताने दिसेल ते प्रत्येक स्मारक नाणे गुंतवणूक म्हणून घेऊ नये.

मोठ्या शहरांतल्या लिलावांत प्रीमियमला खरा न्याय मिळतो, कारण तिथे ओळखणारे चारजण एका नाण्यावर येतात. पण लिलावात विकणाऱ्याकडून दलाली घेतली जाते आणि घेणाऱ्याकडून बोलीच्या वर शुल्क व कर. लिलावाच्या छापील निकालातला आकडा पाहून ‘माझ्याकडेही हेच आहे’ म्हणणाऱ्याने आधी दर्जा ताडून पाहावा. एकाच सालाच्या एकाच टांकसाळीच्या रुपयात, घासलेला आणि टांकसाळीतून आल्यासारखा, यांच्या किमतीत दहापट अंतर असू शकते. परदेशी संस्थांकडून दर्जा लावून प्लास्टिकच्या पेटीत बंद करून आणलेली नाणी आता आपल्याकडेही फिरतात. महागड्या नाण्याला ती पेटी उपयोगी आहे, साध्या रुपयाला तिचा खर्चच नाण्याहून जड होतो.

बाहेरच्या जगातही हीच दोन खाती आहेत. अमेरिकेत १९६४ पर्यंतची ९० टक्के चांदीची सुटी नाणी पोत्याने, जवळजवळ धातूच्या भावात विकली जातात आणि त्यांना सरळ ‘जंक सिल्व्हर’ म्हणतात. आपले १९१६ ते १९२० चे रुपये हे आपले जंक सिल्व्हर आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही; सर्वांत निर्धोक सुरुवात तिथूनच होते. त्याच अमेरिकेत १९८० च्या जानेवारीत हंट बंधूंच्या खरेदीने चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली आणि मार्चअखेर कोसळली. त्या काही आठवड्यांत जगभर चांगली चांगली नाणी मुशीत गेली. भाव उतरला, नाणी परत आली नाहीत. चांदी चढते तेव्हा साध्या नाण्याचा प्रीमियम धातूत बुडतो आणि सराफाचे दार सर्वांनाच जवळचे वाटते. आपल्याकडे २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या वर गेली. अशा दिवसांत घरातले रुपये न पाहता मोडीत घालण्याचा मोह फार मोठा असतो.

येवल्याला हे नुकसान निराळे समजावून सांगायला नको. जुन्या पैठणीच्या जरीत चांदीची तार असे, तिच्यावर सोन्याचे पाणी. कित्येक जुन्या पैठण्या वजनावर विकल्या गेल्या आणि जरीतली चांदी काढण्यासाठी जाळल्या गेल्या. ज्या घरांनी त्या विकल्या त्यांना त्या दिवशीचा चांदीचा भाव मिळाला, आणि आज तशा पदरासाठी संग्रहालये व जाणकार किती मोजतात ते येवल्याच्या विणकरांना ठाऊक आहे. मुशीत गेलेल्या चांदवडी रुपयाचे तेच होते. म्हणून प्रीमियमबद्दल मी जितका कंजूष आहे तितकाच मोडीबद्दल कडक आहे : न पाहता घेऊ नये, आणि न पाहता आटवूही नये.

फसवणुकीबद्दल चार शब्द. ईस्ट इंडिया कंपनीचे म्हणून विकले जाणारे १८१८ सालचे हनुमानाचे किंवा रामदरबाराचे ‘चमत्कारी’ नाणे कंपनीने कधी पाडलेच नाही. तांदूळ ओढणारे नाणे ही भोंदूगिरी आहे आणि तिच्यापायी माणसे जमिनी घालवून बसली आहेत. वैष्णोदेवीच्या पाच-दहा रुपयांच्या नाण्याला लाखो मिळतात ही अफवा. त्यात चांदी नाही आणि ती ढिगाने आहेत. जुनी नाणी विकून देतो म्हणून आधी शुल्क मागणाऱ्यांविषयी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना जाहीर सावध केले होते. बँक असा व्यवहार करत नाही आणि कोणाला करायला सांगतही नाही. चांदीच्या रुपयांचे ओतीव नकली ओळखायला वजन पाहावे, लोहचुंबक लावावा, कडेच्या रेघा पाहाव्यात, आणि शंका उरली तर पाण्यात वजन करून घनता काढावी. खऱ्या कलदाराची ती १०.३ च्या आसपास येते. नुसत्या खणखणाटावर विसंबण्याचे दिवस गेले.

कायद्याचेही भान हवे. शेत नांगरताना किंवा वाडा पाडताना गाडगे सापडले आणि त्यातला ऐवज दहा रुपयांच्या वरचा असला, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. परस्पर वाटून घेतलेले रुपये नंतर विकताना अडचणीत आणतात, आणि त्याहून वाईट म्हणजे कोणते नाणे कशासोबत सापडले ही माहिती कायमची जाते. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या कायद्याने परदेशी नेता येत नाहीत. पुण्या-मुंबईहून परदेशी राहायला गेलेल्या नातेवाइकाला आजीचा रुपया प्रेमाने देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पुढच्या प्रकरणांत साल, टांकसाळीच्या खुणा, दर्जा, साठवण आणि विक्री यांची माहिती क्रमाने दिली आहे. किमतींचे तक्ते मुद्दाम दिलेले नाहीत. छापील भाव शाई वाळण्याआधी शिळा होतो आणि नवख्या माणसाला खोटा धीर देतो. त्याऐवजी प्रत्येक जातीच्या नाण्यात निखळ चांदी किती, हे दिले आहे. त्या दिवशीच्या दराने गुणले की पहिली किंमत मिळते. दुसरी किंमत ज्याची त्याने पाहून, विचारून, तोलून ठरवावी.

वाचकांना दोन विनंत्या आहेत. पहिले नाणे घेण्याआधी शतांश ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा छोटा काटा आणि दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्या. एक चुकीची खरेदी टळली की या दोन्हींचा खर्च भरून निघतो. आणि त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीला भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे. १९८० साली डॉ. परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली आणि तिथे नाण्यांचे संग्रहालय आहे. येवल्याहून सकाळी निघून रात्री परत येता येते. पैसे घालण्याआधी तिथली नाणी बघून या, आणि घरातले रुपये सराफाकडे नेण्याआधी त्यांची साले एकदा कागदावर उतरवून काढा.